कमरेची दोरी

संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी फळी एकटीच किनाऱ्याला लागली.

पांढरी फळी. नाकाकडे वर उचललेली, शेपटाखाली तीन पर. ती उलटी होती, त्यामुळे पर वर दिसत होते आणि प्रथम कुणाला तरी तो मेलेला मासा वाटला. फळीच्या शेपटाला काळी दोरी होती, दोरीच्या टोकाला कमरेचा पट्टा, पट्ट्याचं बक्कल उघडं. वल्हं नव्हतं. हेरंब नव्हता.

हेरंब कुबल माझा नवरा. त्या दिवसाला आता आठ वर्षं झाली.

ती फळी निवडली तिथपासून सांगते. नंतर ज्यांनी ज्यांनी चौकशी केली, त्या सगळ्यांनी सुरुवात तिथूनच केली होती.

आमची खडपेवाडी मालवणच्या उत्तरेला आहे. वाळूचा लांब किनारा, उत्तरेच्या टोकाला काळ्या खडपांची रांग, दक्षिणेला खाडीचं तोंड. हेरंबच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची मासेमारी. बाबा, म्हणजे माझे सासरे भिकाजी कुबल, रापणीच्या संघाचे म्होरके. हेरंब मात्र जाळ्यात रमला नाही. तो पर्यटकांना खाडीत उभ्याने वल्हवायच्या फळीवर फिरवायचा. माणूस फळीवर उभा राहतो, हातात लांब दांड्याचं एकच वल्हं असतं, आणि तोल सांभाळत पुढे जायचं. खाडीत हे काम लहान मूलही करू शकतं. समुद्राच्या लाटेवर ते करणारे आमच्या पट्ट्यात दोघे होते. एक हेरंब, दुसरे त्याला शिकवणारे विन्सेंट फर्नांडिस.

डिसेंबरात राज्य संघाची निवड होती. जो निवडला जाईल त्याला पुढे जलक्रीडा केंद्रात प्रशिक्षकाची कायम नोकरी मिळण्याचा रस्ता होता. निवड खाडीत नव्हती, उघड्या समुद्रात होती, आणि मुद्दाम दुपारनंतर, वारा चढल्यावर. खाडीतल्या फळीवर ते जमणार नव्हतं. म्हणून नोव्हेंबरच्या एका दुपारी विन्सेंट सर टेम्पोत दोन फळ्या घालून आले.

निळी आणि पांढरी. दोन्ही वाळूवर शेजारी ठेवल्या. रापणीची माणसं जाळं सुकवत होती, ती सगळी भोवती जमली.

बाबांनी निळी फळी पायाच्या अंगठ्याने दाबून बघितली. "ह्यां तर दार आसा," ते म्हणाले. "घराचा दार काढून दर्यात जातलंस?"

"भिकूदा, दार आसा तर कडी खंय?" गुणाजी म्हणाला. गुणाजी रापणीतला बाबांचा जोडीदार. कुठल्याही प्रसंगी त्याच्याकडे बोलायला काही तरी असायचं.

"कडी सासुरवाडीक रवली," हेरंब म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. सगळे हसले.

विन्सेंट सर हसले नाहीत. त्यांनी निळीकडे बोट दाखवलं. "ही रुंद. सपाट. हिच्यावर उभं राहिलं की जमिनीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. ही पांढरी तिच्यापेक्षा दोन फूट आखूड, रुंदीलाही कमी. पण जाड आहे आणि नाक वर उचललेलं आहे. मी काही सांगत नाही. दोन्ही घेऊन जा आत. वारा आहे तोवर."

वारा वायव्येचा होता. पाणी एका दिशेने येत नव्हतं. मोठी लाट पश्चिमेकडून, तिच्या पाठीवर वाऱ्याने उठवलेल्या बारक्या लाटा तिरक्या, आणि खडपांवर आपटून परत फिरलेलं पाणी तिसरीकडून.

हेरंब आधी निळी घेऊन गेला. लाटा फुटतात तिथून बाहेर पडेपर्यंत तो आरामात उभा होता. बाबांनी मान हलवली. मग त्याने फळी वळवायला घेतली, तेव्हा दिसलं. प्रत्येक बारकी लाट फळीच्या रुंद कडेखाली शिरत होती आणि तिला उचलून बाजूला ढकलत होती. तो वल्हं मारत होता ते पुढे जायला नव्हे, नुसतं तोंड सरळ ठेवायला. शेवटी लाट पकडली. फळीचं सपाट नाक सरळ पाण्यात घुसलं, शेपूट वर आलं, आणि हेरंब पुढे फेकला गेला. फळी त्याच्या डोक्यावरून जाऊन एकटीच किनाऱ्याला आली.

पांढरीवर तो उभाच राहू शकेना. गुडघ्यावर बसायचा, उठायचा, पडायचा. गुणाजी प्रत्येक पडण्याला "गेलो!" असं ओरडत होता. पोरंबाळं त्याच्या सुरात ओरडायला लागली. मग एकदा तो उभा राहिला आणि राहिलाच. एक पाय मागे घेतला, वल्हं पाण्यात रोवलं, आणि फळी लाटेच्या अंगावर वळली. वळून परत वळली. नाक एकदाही पाण्यात गेलं नाही. लाट मरेपर्यंत तो तिच्यावर होता.

गुणाजी गप्प झाला.

हेरंब बाहेर आला तेव्हा धापा टाकत होता. "हीच," तो म्हणाला.

"निळयेर तू पडलंस एकदा," बाबा म्हणाले. "हिच्यार किती येळा पडलंस तां मी मोजूक पण नाय. आणि हीच?"

"बाबानू, निळी माका खंय जाऊक देणा नाय. पाणी न्हेता थंय जाता."

"पडल्यार चढाक तरी गावता तिच्यार."

विन्सेंट सरांनी मग पहिल्यांदा मत दिलं. "भिकूदा, रुंद फळी खाडीत चांगली. अशा पाण्यात तिची रुंदीच तिची वैरी. वाऱ्यालाही तीच जास्त सापडते. हिच्यापेक्षा लहान मी त्याला देणार नाही, पाय थरथरत राहतील. ही त्याच्या वजनाला बरोबर आहे. पंधरा दिवस पडेल. मग पडायचा थांबेल."

बाबांनी हात झटकले. याचा अर्थ हो असा होता.

त्यानंतर विन्सेंट सरांनी पिशवीतून दोरी काढली. काळी, रबरासारखी, एका टोकाला घोट्याला गुंडाळायचा पट्टा. "ही पायाला. पडल्यावर फळी लांब जाता कामा नये. फळी गेली की माणूस नुसता पोहणारा उरतो, आणि या पाण्यात पोहणारा कुणाला दिसत नाही."

बाबांनी दोरीकडे बघितलं. "पायाक?"

"पायाला. सगळे पायालाच बांधतात."

"आमच्याकडे पायाक दोरी बांधूची नाय."

विन्सेंट सर माझ्याकडे बघायला लागले. मला ते ठाऊक होतं. मी लग्न होऊन आले त्या दिवशी उंबऱ्यातच आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, वाकून माझ्या पायातली पैंजणं काढली होती. घरात कुणाच्या पायात काळा धागाही नसतो. हेरंबचे आजोबा नांगर टाकताना दोराचा फास घोट्यात अडकून खाली गेले होते. होडी बुडाली नव्हती. होडी जागेवर होती, वर माणसं होती, आणि आजोबा नांगराबरोबर तळाला होते. बाबा तेव्हा होडीत होते.

"भिकूदा, हा नांगर नाही," विन्सेंट सर म्हणाले. "फळी तरंगते. ही दोरी वर ओढते, खाली नाही."

"मेलेल्याचे पाय बांधतत. जित्याचे नाय."

"मग मी त्याला आत सोडणार नाही."

"नको सोडू."

हेरंबने फळीवरची वाळू हाताने पुसली. तो वडलांशी भांडणारा नव्हता आणि ती फळी सोडणाराही नव्हता, त्यामुळे तो पुसत राहिला.

आई चहाची किटली घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप भरता भरता त्या म्हणाल्या, "पायाक नको तर कमरेक बांधा. कमरेक करदोडो आसाच मा? एक दोरी आसा, दुसरी आसली म्हणान काय जाला?"

हेरंबने ओला शर्ट वर केला. कमरेला काळा करदोडा होता, आमच्याकडे सगळ्या पुरुषांच्या असतो तसा. जन्मल्यावर बांधतात, तुटला तर लगेच दुसरा बांधतात. माणूस मेल्यावरच तो काढतात.

बाबांनी त्या करदोड्याकडे बघितलं. "कमरेक चलात," ते म्हणाले.

विन्सेंट सरांना ते पसंत नव्हतं. कमरेचा पट्टा त्यांच्याकडे होता. पण तो नदीवाल्यांचा, ते म्हणाले. वाहत्या पाण्यात दोरी झाडात, दगडात अडकली तर पटकन सुटता यावं म्हणून पट्ट्याला एक लाल गोळा असतो. गोळा ओढला की बक्कल उघडतं. लाटेत घोट्याचीच दोरी वापरतात.

"सुटता तां बरां मा?" बाबा म्हणाले. "माझ्या बापाशीक असो गोळो असतो तर?"

विन्सेंट सरांनी टेम्पोतून पट्टा आणला.

बाबांनी तो स्वतःच्या हाताने हेरंबच्या कमरेला बांधला. "डोळे मीट," ते म्हणाले. हेरंबने मिटले. "आता सोड." हेरंबने गोळा ओढला, बक्कल उघडलं, पट्टा वाळूवर पडला. बाबांनी तो परत बांधला. "परत." त्याने परत सोडला. मग उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, मग बाबांनी त्याला खांद्याला धरून गरगर फिरवलं आणि म्हणाले, "आता." हेरंब हसत होता. पट्टा पडला.

"पोटावर झोपून हाताने वल्हवू नकोस," विन्सेंट सरांनी बजावलं. "गोळा फळीला घासेल. नको तेव्हा सुटेल."

"नाय झोपणार, सर."

फळी घरी न्यायला बाबांनीच ती टेम्पोवर आवळली. रापणीचा जुना दोर होता, हिरव्या नायलॉनचा. त्याचे दोन वेढे फळीवरून घेतले, काळ्या दोरीसकट.

पंधरा दिवसांनी तो पडायचा थांबला. विन्सेंट सरांनी सांगितलं होतं तसंच झालं. मी मालवणात एका दैनिकाच्या कार्यालयात काम करायची. संध्याकाळी सहाच्या आत बातम्या पाठवायच्या असायच्या. फळी एकटी आली त्या दिवशी काही विशेष नव्हतं. साडेतीनला मी खडपेवाडीत परत आले. हेरंब अंगणात फळीवर मेण घासत होता.

"बातमी झाली?" त्याने विचारलं.

"झाली. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी नाही."

"दर वर्षी तीच बातमी. माझी कधी छापणार?"

"निवड झाल्यावर."

"आणि नाय झाली तर?"

"तर नळाशेजारी चौकटीत."

त्याने मेणाचा तुकडा माझ्या अंगावर टाकला. मग पट्टा बांधला, गोळा पुढे उजव्या हाताला येईल असा फिरवला, फळी काखेत मारली आणि आम्ही दोघं किनाऱ्याला गेलो.

रापण लागत होती. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येत होती. रापणीची दोन टोकं किनाऱ्यावर असतात, प्रत्येकाला लांब हिरवा दोर. दोन्हीकडून माणसं दोर ओढत जाळं हळूहळू वाळूवर आणतात. ज्याचा हात दोराला लागेल त्याला माशातला वाटा, मग तो गावचा असो वा परका. म्हणून त्या वेळी किनाऱ्यावर जो कोणी असेल तो दोराला लागतो. त्या दिवशी कोल्हापूरकडच्या पर्यटकांचा एक गटही होता.

बाबा उत्तरेच्या दोरावर सगळ्यात पुढे, मांडीभर पाण्यात. त्यांनी हेरंबला फळी घेऊन येताना बघितलं आणि हात करून ओरडले, "खडपाच्या पलीकडे रव! दोराकडे येव नको!"

हेरंबने वल्हं वर केलं. ऐकलं, असा त्याचा अर्थ. तो खडपांच्या बाजूने आत गेला.

मी उत्तरेच्या दोराला लागले. माझ्यापुढे गुणाजी, त्याच्यापुढे चारपाच रापणकरी, सर्वांत पुढे बाबा. मागे पर्यटक. आमचा समुद्र पश्चिमेला. साडेचारनंतर सूर्य समोर येतो आणि सगळं पाणी कथलाच्या पत्र्यासारखं चमकतं. मान खाली घालून ओढायचं. समोर बघण्यात अर्थ नसतो. दोन-तीनदा मी मान वर करून हेरंबला शोधलं. एकदा खडपांच्या पलीकडे काळा ठिपका दिसला, उभा. नंतर बघितलं तेव्हा चमक सोडून काही दिसलं नाही.

वारा चढला होता. पाणी दक्षिणेकडे ओढत होतं. होडीवरचा माणूस जाळं कलतंय म्हणून ओरडत होता.

मग दोर जड लागला.

एकदम. हातातून मागे सरकला आणि तळवे भाजले. गुणाजी ओरडला, "बांगडो! बांगडो आसा रे! ओढा, सोडू नको!" मागचे पर्यटक चेकाळले. त्यांच्यातल्या एकाने आरोळी दिली, बाकीच्यांनी साथ दिली, आणि आम्ही सगळ्यांनी पाय रोवून ओढलं. दोर येत नव्हता. परत ओढलं. थोडा आला. गुणाजी म्हणाला, "आज घराघरात बांगड्याचां तिकलां!"

आणि दोर सुटला. तुटला नाही. नुसता हलका झाला. एवढा अचानक की मागचे तिघं वाळूवर आडवे पडले. त्यांच्या बायका हसायला लागल्या. मीही हसले. गुणाजी म्हणाला, "ह्यो बांगडो नाय, ह्यो भिकूदाचो जावई होतो, मान दिलो नाय म्हणान गेलो!"

आम्ही परत ओढायला लागलो. त्यानंतर थोड्या वेळाने फळी आली.

पहिल्यांदा बाबांनी ती पकडली. त्यांनी ती सरळ केली, दोरी हाताने ओढत टोकापर्यंत गेले आणि पट्टा वर काढला. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मग तो टाकून ते पाण्यात शिरले.

अंधार पडेपर्यंत दोन होड्या आणि विन्सेंट सरांची मोटरबोट खडपांपासून खाडीच्या तोंडापर्यंत फिरत होत्या. जाळं ओढून काढलं. त्यात तळापुरते बांगडे होते. जाळं कुठे फाटलेलं नव्हतं. ते मासे कुणी उचलले नाहीत.

पावणेसातला कार्यालयातून खानोलकरांचा फोन आला. ते वृत्तसंपादक होते. त्यांना कुणीतरी कळवलं होतं.

"मृणाल, मी दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगतो," ते म्हणाले.

"मी सांगते. लिहून घ्या."

मी सांगितलं. नाव, वय, गाव, वेळ, वारा, शोध सुरू. ते शेवटी थांबले. "मथळ्यात काय घालू? बुडाला?"

"बेपत्ता."

"बरं."

सकाळी ती बातमी नळाच्या बातमीशेजारी होती.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी पंचनामा केला. उपनिरीक्षकांनी पट्टा बघितला आणि विन्सेंट सरांना विचारलं, "हे आपोआप उघडतं?"

"हाताने ओढलं तर उघडतं. त्यासाठीच असतं."

"म्हणजे त्याने स्वतः सोडलं."

"सोडलं असेल. किंवा थकून पोटावर झोपला असेल, गोळा कडेला घासून ओढला गेला असेल. दोन्ही शक्य आहे."

"पण फळी सोडून माणूस कशाला जाईल? तुम्हीच म्हणता तीच तरंगते."

"दोरी कुठे अडकली असेल तर जाईल."

"कुठे अडकणार? समुद्रात काय झाडं आहेत?"

विन्सेंट सर दोरी बोटांतून सरकवत होते. मधेच त्यांची बोटं थांबली. दोरीवर तिरकी हिरवी रेघ होती, घासून उमटल्यासारखी. त्यांनी नखाने खरवडून बघितलं. हिरवा कण नखात आला.

बाबा दारात उभे होते. कुणी त्यांना काही विचारलेलं नव्हतं.

"टेम्पोत बांधली तेवा लागलो असतलो," ते म्हणाले. "दोर हिरवोच होतो."

उपनिरीक्षकांनी ते लिहून घेतलं. टेम्पोत हिरव्या दोराने फळी आवळताना मीही बघितलं होतं, विन्सेंट सरांनीही. तो जबाब खोटा नव्हता.

विन्सेंट सर जाताना माझ्याशी बोलायला अंगणात थांबले. "मी पायाची दोरी द्यायला हवी होती," असं काही ते म्हणतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "रापणीचा दोर पाण्यात किती खोल असतो?"

"ओढताना वर येतो. मधे पाण्याच्या पोटात असतो."

त्यांनी मान हलवली. नंतर ते आमच्याकडे कधी आले नाहीत. त्या वर्षअखेरीस त्यांनी शिकवणं बंद केलं.

बाबा त्या दिवसानंतर रापणीच्या दोराला लागले नाहीत. गुडघे दुखतात, असं सांगितलं. गुडघे खरोखरच दुखत होते. गुणाजी दोनदा बोलवायला आला. तिसऱ्यांदा आला नाही. संघाचा म्होरका आता तोच आहे, पण दोरावर असताना विनोद करत नाही.

हेरंब सापडला नाही. पहिल्या वर्षी त्याला तिघांनी बघितलं. एकाने रत्नागिरीच्या बंदरात, एकाने गोव्यात एका हॉटेलच्या किनाऱ्यावर, एका बाईने कणकवलीच्या बस स्थानकावर. प्रत्येक ठिकाणी मी जाऊन आले. कणकवलीचा माणूस हेरंबपेक्षा उंच होता. बाकी दोन ठिकाणी कुणीच नव्हतं. जो पट्टा स्वतः सोडतो तो स्वतःच्या पायाने कुठेही जाऊ शकतो, असं गावात म्हणायचे. निवडीची भीती वाटली असेल. बायकोशी पटत नसेल. हे माझ्या कानावर येईल अशा बेताने म्हणायचे.

आईंनी दिवस घातले नाहीत. बाबांनीही घाला असं म्हटलं नाही. माझ्या गळ्यात मंगळसूत्र आहे. पोलिसांनी वर्षभराने पट्टा आणि दोरी परत दिली. आईंनी ती माजघरातल्या खुंटीला अडकवली. बक्कल उघडं, पट्ट्याची दोन टोकं खाली लोंबत. जेवायला बसलं की समोर ती दिसायची.

फळी पडवीच्या आढ्याला बांधलेली आहे. सुतळीने.

यंदा जूनमध्ये बाबांनी मला सांगितलं, "कोर्टात अर्ज घाल."

सात वर्षं झाली की बेपत्ता माणूस मृत धरावा असा अर्ज करता येतो. मला ते ठाऊक होतं. मी विषय काढला नव्हता. आई पाट्यावर खोबरं वाटत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"तुम्हाला जबाब द्यावा लागेल," मी बाबांना म्हटलं.

"देतंय."

"त्या वेळी कुठे होता, काय बघितलं, सगळं विचारतील."

"म्हणान तर सांगतंय, घाल."

अर्ज केला. तारखा पडल्या. वकील दोनदा घरी येऊन गेले. बाबांनी दोन्ही वेळा त्यांना तेच सांगितलं जे पोलिसांना सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात मी पडवीत वाचत बसले होते. बाबा येऊन खुर्चीच्या पलीकडे भिंतीला टेकून बसले. खाली किनाऱ्यावर रापण ओढत होते, त्यांचे आवाज वर येत होते.

"मृणाल, त्या दिसा तुझो हात दोरार होतो मा?"

"होता."

"जड लागलो?"

आठ वर्षांत हे त्यांनी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

"लागला," मी म्हटलं.

"मगे?"

"मग सुटला. सगळे हसले."

"मी हसलंय?"

"तुमची पाठ माझ्याकडे होती, बाबा."

ते किनाऱ्याकडे बघत राहिले. "मी त्येका शिकवलंय," ते म्हणाले. "डोळे मिटून. दोनय हातान." मग म्हणाले, "अडकलो असात तर सोडलो असात. सोडलो म्हणजे शिकलो. सोडूक येय नसता तर फळयेबरोबर हयसर इलो असतो. जितो नाय तर मेलो, पण इलो असतो."

"बाबा, हिरवी रेघ टेम्पोतलीही असेल."

"असात."

"पोटावर झोपला असेल. सर म्हणाले होते."

"असात." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "कोर्टात काय सांगू? दोर जड लागलो म्हणान सांगू?"

"जे माहीत आहे ते सांगा."

"काय म्हायत आसा?" त्यांनी विचारलं.

आत पाट्याचा आवाज थांबला होता. खाली जाळं वर आलं असावं. आवाज वाढले आणि मग कमी झाले.

सुनावणी सोमवारी आहे. बाबांचं नाव साक्षीदारांत पहिलं आहे. आता ते काय सांगणार आहेत, ते त्यांनी ना मला सांगितलंय, ना वकिलांना. वकिलांनी पट्टा आणि दोरी घेऊन यायला सांगितलं आहे, पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे. काल संध्याकाळी मी ती खुंटीवरून काढली. दोरीवर हिरवी रेघ अजून आहे, थोडी फिकी. पट्टा मात्र लोंबत नव्हता. त्याचा गोल झाला होता, करदोड्यासारखा, कमरेएवढा. बक्कल लावलेलं होतं.

घरात आम्ही तिघंच असतो. मी ते लावलेलं नाही.